शिवेपलीकडचा गाडा

हलगीचा आवाज आला तेव्हा केशरबाई नळावर भांडत होती. भांडायला तिला फार मोठं कारण लागत नसे. नळ तिने आणला होता, निदान वस्तीत सगळे तसं म्हणत, आणि ते ऐकायला तिला आवडायचं. कुणी रांग मोडली की ती पदर खोचून उभी राही. मग "पाटलीणबाई आल्या" म्हणून बाया हसत, आणि मुकाट्याने मागेही सरत. त्या मंगळवारी मात्र तिचा हात घागरीवरच राहिला. आवाज वेशीकडून येत होता. लग्नसराई केव्हाच संपली होती, आणि लग्नाची हलगी अशी वाजतही नाही.

"मरीआईचा गाडा काढला वाटतं," मागची चतुराबाई हळूच म्हणाली. "वेशीतल्या आळीत पटकी लागलीय म्हणत हुते."

घागर भरली, पाणी वाहू लागलं, तरी तोटी बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

परभणीच्या जुन्या वेशीबाहेर एक थोराड चिंच होती. तिच्या पुढे नाल्यापर्यंत नुसता माळ. रझाकारांच्या धामधुमीत आणि पोलीस अॅक्शननंतर खेड्यापाड्यांतून माणसं येऊन त्या माळावर टेकली. कुणी जीव वाचवायला आलं, कुणी पोट भरायला. केशरबाई आणि तिचा नवरा सुग्रीव बोरीहून आले ते पोटासाठी. भावकीत वाटण्या होता होता सुग्रीवच्या हाती जमिनीची अशी चिंधी आली की औत वळवायला जागा उरेना. कापसाच्या हंगामापुरता म्हणून तो जिनिंगमध्ये गाठी उचलायला आला आणि धान्याच्या मोंढ्यात हमाल होऊन राहिला. शहराचं तेव्हा अंग भरत होतं. मोंढा वाढला, कचेऱ्या वाढल्या, स्टेशनकडच्या बाजूला व्यापाऱ्यांचे बंगले उठले. त्या बंगल्यांची वीट, वाळू, चुना वाहिला तो याच माळावरच्या माणसांनी. बंगल्यात दिवे लागले, न्हाणीघरं झाली, आणि तिथलं सांडपाणी उताराने वाहत आलं तेही याच माळाच्या नाल्यात. पूर्वी उन्हाळ्यात कोरडा पडणारा नाला आता बारा महिने काळा ओला असायचा.

नळाची हकीकत अशी. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी बलदियाचे दिनकरराव टेप घेऊन वस्तीत आले. नगरपालिकेला जुनी माणसं अजून बलदियाच म्हणत. दिनकरराव भला माणूस, पण वस्ती नेमकी संपते कुठे हे त्यांना कळेना. झोपड्या नाल्यापर्यंत विखुरलेल्या, आणि नाल्यापलीकडेही चार-दोन उठत होत्या.

"नळ गावात देता येतो, शिवारात नाही," ते म्हणाले. "गाव कुठवर धरायचं ते सांगा."

पुरुष एकमेकांची तोंडं बघू लागले. केशरबाई पुढे झाली. "आमच्या बोरीत मारुती आसंल तिथं गाव संपतं, सायेब. मारुतीच्या पल्याड रान."

"पण इथं मारुती कुठाय?"

"शनवारी या. आसंल."

दगड नाल्यातूनच काढला. शेंदूर माखला, तेल घातलं, रुईच्या पानांची माळ घातली. नाल्याच्या अलीकडच्या काठावर मारुती उभा राहिला. दिनकरराव शनिवारी आले, हसले, त्यांनी हातही जोडले, आणि मारुतीपर्यंत गाव धरलं. पुढे मारुतीच्या पाठीशीच नळाची तोटी आली. त्या दिवशी केशरबाईला जे सुख झालं ते तिला स्वतःच्या हळदीतही झालं नव्हतं. आपण आता परभणीचे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून सांगू लागली. वेशीच्या आतले लोक वस्तीला 'चिंचेखालची माणसं' म्हणत, ते मात्र काही बदललं नाही.

या उन्हाळ्यात तिची धाकटी बहीण दैवशाला आली. बरोबर नवरा भुजंग आणि नुकती चालायला लागलेली पोरगी छबी. आई लवकर गेल्यामुळे दैवशालाला केशरबाईनेच कडेवर वाढवलं होतं, तिची वेणी घातली होती, तिचं लग्न लावलं होतं. "इकडं या, भुजंगाला मोंढ्यात चिकटवू," असा निरोपही तिनेच धाडला होता. पण नळ आल्यापासून अलीकडे पाय ठेवायला जागा राहिली नव्हती. ज्याला त्याला मारुतीच्या आत राहायचं होतं. शेवटी तिने बहिणीला नाल्यापलीकडच्या झोपड्यांशेजारी जागा दाखवली.

"हाक मारली तर ओ देशील इतकं जवळ हाय," ती म्हणाली. "पाऊसकाळ सरला की तुला आत घेते. मी हाय ना."

"आक्का म्हणंल तसं," दैवशाला म्हणाली. तिचा आक्कावर लहानपणापासून असाच भरवसा होता.

रोज सकाळी दैवशाला नाला ओलांडून नळावर यायची. केशरबाई तिला आपल्यापुढे रांगेत घ्यायची. बायांची नाकं मुरडायची, पण पाटलीणबाईपुढे बोलायचं कुणी?

तर त्या मंगळवारी गाडा आला. लाकडी, माणसाच्या कमरेएवढा, कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झाकलेला. आत मरीआईचा मुखवटा, हिरवा चोळखण, बांगड्या, लिंबं आणि दहीभाताची पाटी. पुढे पोतराज स्वतःच्या अंगावर कोरडे ओढत होता. मागे वेशीतल्या आळीतली माणसं होती आणि त्यांच्यात पांढऱ्या टोपीचे माणिकराव. त्यांच्या घरातलं एक माणूस आदल्याच आठवड्यात गेलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मरीआईला गावात राग आला की तिला मानाने शिवेबाहेर पोचवायची, मागे वळून न बघता घरी यायचं, आणि मग शीव बांधून घ्यायची. पुढचं गाव तिला आपल्या शिवेबाहेर नेतं, त्याच्या पुढचं आणखी पुढे. हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. चिंचेखाली जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या गावात कधी ना कधी त्या गाड्याला हात लावला होता.

गाडा चिंचेखाली थांबला आणि माणसं तो तिथेच टेकवू लागली.

वस्तीतला जाणता माणूस आश्रुबा पुढे झाला. "मालक, हितं नका उतरवू. हितं आमची लेकरंबाळं हायत."

"आश्रुबा, ही चिंच म्हणजे आमची शीव," माणिकराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आज्या-पंज्यापासून गाडा इथंच उतरतो."

"तवा हितं माणसं नव्हती."

"मग माणसांनी शिवेबाहेर राहायला कशाला यावं?"

बायांनी लेकरं पोटाशी धरली. तेव्हा केशरबाई गर्दीतून वाट काढत गाड्यापुढे आली. तिने पदर खोचला होता.

"चिंच तुमच्या आज्याची शीव आसंल, मालक," ती म्हणाली. "आता गाव वाढलं. तुमच्या मोंढ्यातली पोती आमचे नवरे उचलायलेत. तुमचे बंगले आमी बांधले. सरकारानं आमाला नळ दिला, तो गाव म्हून दिला का रान म्हून दिला? आमी गावात आसू, तर गाडा गावात कसा उतरवता?"

गर्दीत कुजबुज झाली. वेशीतली माणसंही चपापली. मरीआई चुकून गावातच राहिली तर काय होतं, हे काही त्यांना सांगायला नको होतं.

माणिकराव सावकाश म्हणाले, "बरं बाई. मग शीव कुठं हाय म्हणता?"

"मारुतीपाशी."

"सगळ्यांच्या देखत सांगा."

"सगळ्यांच्या देखत सांगते. मारुतीच्या अलीकडं गाव. पल्याड शिवार."

"मान्य," माणिकराव म्हणाले, आणि त्यांनी पोतराजाला पुढे हो म्हणून खूण केली. इतक्या वर्षांत वेशीतल्या माणसाने चिंचेखालच्या माणसाचं ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि हे ऐकणं इतकं चटकन झालं की आश्रुबालाही क्षणभर विचित्र वाटलं. पण बाकीच्यांना आनंद आवरेना. बायांनी घराघरातून नारळ आणले, गाड्यापुढे पाणी ओतलं. परभणीत आल्यापासून पहिल्यांदा ती माणसं गावकरी म्हणून गाड्याला हात लावत होती. आणि सगळ्यांत पुढे, हलगीच्याही पुढे, केशरबाई चालली होती.

मारुती दिसू लागला. नाल्यापलीकडे दैवशाला झोपडीतून बाहेर आली होती. तिने छबीला कडेवर घेतलं होतं, डोक्यावर पदर नीट केला होता आणि ती हसत होती.

तेव्हा कुठे केशरबाईच्या ध्यानात आलं. गाव कुठवर हे सांगताना पलीकडे कोण राहतं हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हे पुढे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, पण खरं तेच होतं. ती मागे वळली आणि माणिकरावांसमोर उभी राहिली.

"मालक, आजून थोडं फुडं न्या. त्या रस्त्याकडंच्या लिंबाच्या झाडापल्याड न्या."

"शीव तुमीच सांगितली, बाई."

"तिथं माजी भैन हाय."

माणिकरावांनी पलीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "कुणाची तरी भैन सगळीकडंच असती," ते म्हणाले आणि बाजूने पुढे गेले. गाडा काळ्या गाळातून खडखडत पलीकडे गेला, दैवशालाच्या झोपडीच्या तोंडाशी टेकला. हलगी एकदम थांबली. माणसं वळली आणि मागे न बघता भराभरा चालू लागली. केशरबाईलाही सुग्रीवने दंडाला धरून वळवलं. मागून आवाज आला.

"आक्का, तू फुडं हुतीस म्हून मला वाटलं, तू मला न्यायलाच आलीस."

केशरबाईने मागे पाहिलं नाही. मागे पाहायचं नसतं.

मारुतीपाशी लिंबं कापून शीव बांधली, कडुनिंबाचं तोरण ताणलं. बाहेरच्याने आत यायचं नाही, आतल्याने बाहेर जायचं नाही, गाडा डोळ्यांआड होईपर्यंत. आश्रुबा काठी घेऊन मारुतीच्या कट्ट्यावर बसला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याची तीन नातवंडं मागच्या झोपडीत होती.

दुसऱ्या सकाळी दैवशाला रिकामी घागर घेऊन नाल्याच्या पलीकडच्या काठाला उभी राहिली. अलीकडे नळ वाहत होता. रांगेतल्या बायांनी केशरबाईकडे पाहिलं आणि या खेपेला कुणी हसलं नाही. केशरबाईने आपली भरली घागर उचलली, तोरणापाशी नेऊन ठेवली आणि मागे सरली, म्हणजे बहिणीने येऊन उचलावी. आश्रुबाने काठीने घागर कलंडवली.

"तिनं शिवलेली घागर परत नळाला लागंल, केशर. मग आपलं काय? शीव तूच मागून घेतलीस."

पाणी तोरणाखालून नाल्यात गेलं. दैवशाला ते जाताना बघत होती.

"ऱ्हाऊ दे आक्का," ती ओरडून म्हणाली. "आमी झिरा काढलाय. लय गार पाणी लागलंय."

झिरा म्हणजे कोरड्या पात्रातल्या वाळूत उकरलेला खड्डा. बोरीला उन्हाळ्यात सगळं गाव झिऱ्याचंच पाणी पीत असे. वाळूतून गाळून येणारं ते पाणी विहिरीपेक्षा गोड असतं, हे दोघी बहिणींना त्यांच्या आईने शिकवलं होतं. दैवशालाने आईने शिकवलं तसंच केलं होतं, काठापासून जरा हटून, स्वच्छ वाळू बघून. त्या वाळूखाली स्टेशनकडच्या बंगल्यांचं पाणी बारा महिने मुरत होतं, हे वाळूकडे बघून कळत नव्हतं. केशरबाईलाही ते तेव्हा कळलं नाही. उलट तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला पुढे फार लाज वाटायची.

शुक्रवारी पलीकडच्या झोपड्यांतला एक म्हातारा गेला. रविवारी भुजंगने काठावरून हाक मारली. "आक्का, छबीला लय जुलाब व्हायलेत. पाणी बी पोटात ठरंना."

केशरबाईने घागर भरली आणि तोरणाखालून वाकून पलीकडे गेली. सुग्रीवने हाक मारली, आश्रुबा उठून उभा राहिला, पण तिच्या अंगाला हात लावायचं धाडस कुणाला झालं नाही. नाला ओलांडून तिने मागे पाहिलं, तेव्हा आश्रुबा सैल झालेलं तोरण पुन्हा ताणून बांधत होता.

"केशर," तो म्हणाला, "आता तू बी तिकडचीच. गाडा दिसतोय तवर माघारी येऊ नगंस."

छबीचे डोळे आत गेले होते. केशरबाई तिला मांडीवर घेऊन बसली, बोटाने ओठ ओले करत राहिली. नळाचं पाणी पुरवून पुरवून वापरलं, तरी सोमवारी घागर संपली. दवाखाना वेशीच्या आत होता आणि वाट एकच, गाडीरस्ताही वस्तीतूनच जायचा. खालच्या अंगाला नाला छातीभर गाळाचा. आक्काला दैवशालाने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर केशरबाईला बरं वाटलं असतं.

मंगळवारी उन्हं वर यायच्या आत पलीकडच्या झोपड्यांतली माणसं गाड्याभोवती जमली. मंगळवार देवीचा वार. गाडा पुढे गेला, डोळ्यांआड झाला, की शीव उघडी, नळ उघडा, दवाखान्याची वाट उघडी. त्यांच्याकडे हलगी नव्हती, पोतराज नव्हता. एकाने रिकाम्या घागरीवर काठी धरली. भुजंगने गाड्याचा दोर हातात घेतला आणि केशरबाईकडे पाहिलं. शीव कुठे असते हे तिलाच कळतं, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"आक्का, शीव कुठं धरायची?"

केशरबाईने मान वर केली. पलीकडे रस्त्याच्या कडेला लिंबाचं झाड होतं. काल तिथं कुणी नव्हतं. आज तिथं एक बैलगाडी सोडलेली होती. जिंतूरकडून आलेलं कुटुंब असावं. पुरुष खांब रोवायला खड्डा खणत होता. बाई तीन दगड मांडून चूल लावत होती, आणि तिच्या आजूबाजूला दोन पोरं खेळत होती. ती माणसं आज परभणीला पोचली होती.

केशरबाईला सगळं दिसत होतं आणि सगळं कळत होतं. चिंचेखाली ती आंधळी होती, आज नव्हती. मांडीवर छबीने एक बारीक आवाज केला, रडण्याइतकाही तिच्यात जोर नव्हता. केशरबाईने दैवशालाकडे पाहिलं. दैवशाला तिच्याकडेच बघत होती, लहानपणी बघायची तशी, आक्का सांगेल ते ऐकायला.

केशरबाईने हात वर केला.

"त्या लिंबाच्या पल्याड," ती म्हणाली. "लिंबाच्या अलीकडं गाव."

घागर वाजू लागली. गाडा हलला, त्याची चाकं वाळलेल्या गाळातून सुटली. लिंबाखालच्या बाईने आवाज ऐकून मान वर केली. तिने हात धुतले, डोक्यावर पदर सारखा केला आणि नवऱ्याला हाक मारली. मग धाकट्या पोराला कडेवर घेऊन ती चार पावलं पुढे आली आणि हात जोडून उभी राहिली. नव्या गावात पहिल्याच दिवशी देवी आपल्या दारी येतेय, याचा तिला झालेला आनंद इतक्या लांबूनही दिसत होता.